हजारमाचीचे कोअर भांडार

माधवनगरच्या स्मरणिकेत कराडच्या एका संस्थेचा इतिहास छापण्यामागे कारण आहे. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. जुलै-ऑगस्टात आपल्या घराघरांत कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे याची विचारपूस चालते, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचे आकडे लोकांच्या तोंडी असतात. कोयनेच्या पाण्याबाबत आपण इतके जागे आहोत. त्याच खोऱ्यातली जमीन मात्र गेली सहा दशके हादरते आहे. ती का हादरते हे शोधण्यासाठी तिथे दीड ते तीन किलोमीटर खोल विवरे घेतली गेली आणि त्यांतून निघालेला खडक कराडजवळ पेट्यांत क्रमाने लावून ठेवला आहे. ही गोष्ट सांगली जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा लेख.

ती जागा म्हणजे हजारमाची येथील बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची ही प्रयोगशाळा. माधवनगरहून रेल्वेने कराडला जाणारा माणूस ज्या स्थानकावर उतरतो ते मुळात ओगलेवाडीला आहे. जुन्या पिढीला हे गाव प्रभाकर कंदिलामुळे माहीत आहे. ओगल्यांच्या काच कारखान्यानेच गावाला नाव दिले. सदाशिवगडाच्या पायथ्याची हजारमाची तिथून जवळच.

संस्थेचा इतिहास तिच्या इमारतीपासून सांगू लागलो तर तो अर्धाच सांगितला जाईल. तो सुरू होतो ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर परिसरात ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे दगावली. कोयनानगरची घरे कोसळली, धरणाच्या भिंतीला तडे गेले, वीजनिर्मिती थांबली आणि त्याचा फटका थेट मुंबईच्या कारखान्यांना बसला. धक्का गोव्यापासून मुंबईपर्यंत जाणवला. सांगली-मिरजेतही जाणवला; आज सत्तरीत असलेल्या अनेकांना ती पहाट अजून आठवते. धरणाच्या भिंतीला पुढे खालच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ती बळकट करण्यात आली.

त्या काळी दख्खनचे पठार म्हणजे हलणारच नाही अशी जमीन, असे भूशास्त्राची पुस्तके सांगत. काळ्या कातळाच्या थरांवर थर, त्यावर सह्याद्री. असल्या जमिनीत एवढा मोठा भूकंप कसा, याचे उत्तर कोणाकडे तयार नव्हते. धरणात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागल्यापासून आसपास बारीक धक्के बसू लागले होते, एवढी नोंद होती. जगात इतरत्रही असे घडले होते. चीनमधील शिनफेंगज्यांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) या मोठ्या जलाशयांजवळ सहापेक्षा अधिक क्षमतेचे भूकंप झाले. कोयनेचा त्या सर्वांत मोठा. जलाशयाने चालना दिलेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून आजही कोयनेचेच नाव घेतले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी १९७६ साली धरणे आणि भूकंप या विषयावर इंग्रजीत पुस्तकच लिहिले, आणि पाटण तालुक्यातले कोयनानगर जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या तोंडी आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण गावोगावी ती चुकीची सांगितली जाते. धरणाचे पाणी भूकंप घडवत नाही. खडकातल्या जुन्या भेगांमध्ये भूगर्भातील हालचालींमुळे ताण आधीच साठलेला असतो. जलाशयाचे वजन आणि भेगांत उतरणाऱ्या पाण्याचा दाब त्या ताणाला निमित्त देतात. ताण नसेल तर कितीही मोठे धरण बांधा, काही होणार नाही. ताण काठावर येऊन ठेपला असेल तर थोडासा फरकही पुरतो. हे तत्त्व मान्य झाले, पण भेग नेमकी कशी आहे, तिच्यात पाणी आहे का, खडक किती मजबूत आहे, हे जमिनीवरच्या यंत्रांना कळणे शक्य नव्हते.

हादरे थांबलेही नाहीत. १९८५ साली शिराळा तालुक्यात चांदोलीला वारणा धरणात पाणी साठू लागले आणि धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या दिशेने सरकला. १९६७पासून आजवर या भागात पाच किंवा अधिक क्षमतेचे बावीस आणि चारपेक्षा अधिक क्षमतेचे सुमारे दोनशे भूकंप झाले आहेत. लहान धक्के हजारोंनी. हे सगळे साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत आणि बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. आसपास पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरे भूकंपकेंद्र नाही. भूकंप ज्या खोलीवर जन्मतो तिथपर्यंत ड्रिल पोहोचू शकेल आणि भूकंप पुन्हा पुन्हा त्याच टापूत होत राहील, अशा जागा जगात फार नाहीत.

मधल्या काळात किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-धाराशिवची गावेच्या गावे गाडली गेली. त्यानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल विवर घेतले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली आठेक मीटर गाळाचे खडक आणि मग पायाचा प्राचीन खडक. दख्खनच्या कातळाखाली काय आहे हे अंदाजाने न सांगता दगड हातात घेऊन सांगता येते, हे किल्लारीने दाखवून दिले. कोयनेच्या कामाला यातून बळ मिळाले असे मला वाटते.

मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक विंधन कार्यक्रमाच्या पाठबळाने हैदराबाद आणि कोयना इथे कार्यशाळा भरली. देशोदेशीचे तज्ज्ञ आले. एकदम खोल विवराला हात घालायचा नाही, आधी उथळ विवरे घेऊन टापूची ओळख करून घ्यायची, असे ठरले. मे २०१४ मध्ये कोयनेला दुसरी कार्यशाळा झाली. तोवर विंधन सुरू झाले होते आणि खडक निघू लागला होता. हैदराबादच्या संस्थेत बसून हे काम चालण्यासारखे नव्हते. विवरांची देखरेख, खोलवर बसवलेली भूकंपमापके, रोज निघणारा खडक, या सगळ्यासाठी खोऱ्याच्या जवळ कायमचे ठिकाण हवे होते. त्यातून कराडची प्रयोगशाळा उभी राहिली. कराड निवडण्यातली सोय उघड आहे: पुणे-बंगळूर महामार्ग, रेल्वे, आणि चिपळूण रस्त्याने कोयनानगर.

पहिल्या टप्प्यात प्रत्येकी सुमारे दीड किलोमीटर खोल अशी नऊ विवरे घेतली गेली. काही घाटमाथ्यावर, काही घाटाखाली कोकणच्या बाजूला. पहिले रासाटीला, कोयनानगरच्या शेजारी. ते १५२२ मीटर खोल गेले. सुमारे ९३० मीटरपर्यंत बेसाल्टच लागत राहिला आणि मग एकदम ग्रॅनाइट व पट्टेदार नाइस लागला. मध्ये गाळाचा थर नाही. किल्लारीला आठ मीटर गाळ, कोयनेला काहीच नाही; म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा इथे उघड्या खडकाळ जमिनीवर पसरला. नऊ विवरांत बेसाल्टची जाडी सुमारे चारशे ते साडेबाराशे मीटर अशी बदलत गेली. घाटावर जास्त, कोकणात कमी. पण समुद्रसपाटीपासून मोजले तर बेसाल्टचा तळ सगळीकडे जवळजवळ एकाच पातळीला, समुद्रसपाटीखाली तीनशे मीटरच्या आसपास निघाला. आज वर हजार मीटरचा घाट उभा आहे आणि त्याखाली लाव्हा ज्या जमिनीवर ओतला गेला ती जवळपास सपाट. ही माहिती मला या सगळ्या उद्योगातली सर्वांत विलक्षण वाटते.

हा खडक वर कसा येतो ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे शेतात बोअर मारतात तेव्हा हॅमर खडकाचा भुगा करतो आणि हवेच्या दाबाने तो बाहेर फेकला जातो. बोअरवाला भुग्याचा रंग पाहून मुरूम लागला, मांजऱ्या लागला, गेरू लागला, काळा पाषाण लागला असे सांगतो. त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण थर नेमका कुठे सुरू झाला, भेग उभी होती की आडवी, हे भुग्यातून समजत नाही. कोअर म्हणजे खडकाचा अखंड गाभा काढताना बिट पोकळ असते, तिच्या कडेला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती कडेने खडक कापत जाते आणि मधला भाग अखंड राहून नळीत शिरतो. नळी भरली की ती तारेने वर ओढून घेतात आणि रिकामी नळी पुन्हा खाली सोडतात. वर आलेला खडक उसाच्या कांड्यांसारखा लांबट, गोल, तुकड्यातुकड्यांचा असतो. एका खेपेला ‘रन’ म्हणतात. किती मीटर कापले आणि किती मीटर हातात आले याचे प्रमाण म्हणजे रिकव्हरी. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज करून खडक किती अभंग आहे तेही काढतात.

पुढची पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची. तुकडे धुऊन, जोड जुळवून, वरची बाजू वर ठेवून पेटीच्या खणांत डावीकडून उजवीकडे ओळीने लावायचे. प्रत्येक रन संपला की खोली लिहिलेला ठोकळा ठेवायचा. कोअरवर लांबीला दोन रंगांच्या रेघा मारायच्या, म्हणजे पुढे कोणी तुकडा उचलला तरी त्याचे डोके कोणते आणि पाय कोणते हे कळते. जिथे खडक निघालाच नाही तिथे रिकामी जागा सोडून तशी खूण करायची. पेटीवर विवराचे नाव, पेटीचा क्रमांक, खोलीचा सुरुवातीचा व शेवटचा आकडा. मग फोटो आणि मग वर्णन. हे काम रिगवर दिवसरात्र चालते, पावसातही. इथे एक पेटी उलटी लागली तर वीस वर्षांनी संशोधन करणाऱ्याचा निष्कर्ष उलटा लागेल.

या पहिल्या टप्प्यातून सुमारे नऊ किलोमीटर कोअर जमा झाला. ढोबळ हिशेब करून पाहू. एका पेटीत पाच मीटर मावतात असे धरले तर अठराशे पेट्या होतात. बेसाल्टचे वजन पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. पाच ते साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या कोअरसाठी मीटरला पाच ते नऊ किलो. एकूण पंचेचाळीस ते ऐंशी टन दगड. एवढे वजन मांडण्यांवर असे ठेवायचे की हवी ती पेटी पंधरा मिनिटांत टेबलावर आली पाहिजे. भांडार म्हणजे गोदाम, अशी समजूत असेल तर ती इथेच सोडून द्यावी. गोदामात माल येतो आणि जातो. इथे आलेला माल कधीच जायचा नसतो.

त्या पेट्यांमधून खालीखाली जात राहिलो तर सह्याद्री कसा घडला ते क्रमाने दिसते. एकेका लाव्हाप्रवाहाचा माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजे. मधला भाग घट्ट, काळा. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा. शेवटच्या काळ्या तुकड्याच्या पुढच्या खणात करडा-गुलाबी ग्रॅनाइट. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा, ग्रॅनाइट सुमारे अडीचशे ते पावणेतीनशे कोटी वर्षांचा. दोन शेजारच्या तुकड्यांमध्ये दोनशे कोटी वर्षांहून मोठी फट आहे आणि ती बोटाने दाखवता येते. ग्रॅनाइटमध्ये जागोजागी घासल्याच्या चकचकीत खुणा, क्लोराइट, एपिडोट, कॅल्साइटने भरलेल्या शिरा दिसतात. खडक सरकला आणि त्या वाटेने पाणी गेले, याचा हा पुरावा.

दुसरा टप्पा गोठण्याचा. पाटण तालुक्यातील या गावी २० डिसेंबर २०१६ रोजी पथदर्शी विवर सुरू झाले आणि ११ जून २०१७ रोजी ते ३०१४ मीटरवर पोहोचले. बेसाल्ट साडेबाराशे मीटरच्या आसपास संपला, त्याखाली सगळा प्राचीन पायाचा खडक. इतक्या खोलीवर अखंड कोअर काढणे फार महाग आणि वेळखाऊ असते, कारण अशा विवरात तारेने नळी न ओढता एका कोअरसाठी सगळे पाइप वर काढून पुन्हा खाली सोडावे लागतात. म्हणून गोठण्याला कोअर मोजक्याच खोलींवर काढला आणि एरवी विंधनासाठी सोडलेल्या चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे बारीक तुकडे खोलीप्रमाणे पिशव्यांत भरून ठेवले. या तुकड्यांना वर यायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांची खोली हिशेबाने ठरवावी लागते. कोअरची बरोबरी ते करू शकत नाहीत. शिवाय विवराच्या भिंतींची ध्वनी आणि विद्युत उपकरणांनी चित्रे घेतली, खडकावरचा ताण मोजला, पाण्याचे आणि वायूंचे नमुने तपासले.

यातून जे कळले ते मंत्रालयाने जाहीर केले आहे. तीन किलोमीटर खोलीपर्यंत खडकात पाणी आहे आणि ते पावसाचेच, वरून झिरपलेले आहे. खडक ताणाच्या अगदी काठावर आहे, त्यामुळे थोड्या बदलानेही लहान भूकंप घडू शकतात. १९६७नंतर पन्नास वर्षे ज्यावर वाद झाले त्यातल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळाले. पुढचे पाऊल सहा किलोमीटरचे आहे. तिथे तापमान उकळत्या पाण्यापेक्षा बरेच जास्त असेल, म्हणून यंत्रे, चिखल, उपकरणे सगळ्यांची वेगळी तयारी लागते.

एक अनपेक्षित फळही मिळाले. खरगपूरच्या आयआयटीतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी कोयनेच्या कोअरमध्ये जीवाणू शोधले आणि बेसाल्टमध्ये व त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये जमिनीच्या खोल अंधारात राहणाऱ्या जीवाणूंचे समूह असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध केले. भूकंपासाठी काढलेला दगड जीवशास्त्राच्या कामी आला. कोअर काढायचे ठरले तेव्हा कोयनेचा प्रश्न भूकंपाचा होता, सूक्ष्मजीवांचा नव्हता. दगड जपायचा तो अशा प्रश्नांसाठी, जे अजून कोणी विचारलेले नाहीत. माझ्या मते या संस्थेचे विवरांपेक्षाही मोठे काम हेच आहे. विवर एकदा घेतले की संपले. पुन्हा घ्यायचे तर कोट्यवधी रुपये लागतात आणि दगड तोच मिळत नाही. पेटी मात्र पुन्हा पुन्हा उघडता येते.

याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. १९६६ साली ग्रीनलंडमध्ये कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर सुमारे १३९० मीटर बर्फ छेदून तळाशी साडेतीन मीटर गोठलेली माती काढली गेली. बर्फाचा अभ्यास गाजला. माती काचेच्या बरण्यांत पडून राहिली आणि विस्मरणात गेली. २०१७ साली ती कोपनहेगनच्या शीतगृहात सापडली. तिच्यात डहाळ्या आणि शेवाळाचे अवशेष होते. सुमारे चार लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता, झाडोरा होता, हे त्यावरून सिद्ध झाले. समुद्राची पातळी किती वाढू शकते याच्या गणितात या मातीला आता मोठे महत्त्व आहे. दुसरे उदाहरण चंद्राचे. अपोलो-१७च्या अंतराळवीरांनी १९७२ साली नळी ठोकून काढलेला मातीचा गाभा नासाने बंद करून ठेवला आणि मार्च २०२२ मध्ये उघडला. पुढे अधिक चांगली उपकरणे येतील, तेव्हा उघडू, म्हणून पन्नास वर्षे थांबण्याचा तो निर्णय होता.

साठवणुकीचे नियम खडकाप्रमाणे बदलतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात डांबरासारख्या तेलाने माखलेल्या वाळूचे प्रचंड साठे आहेत. त्या वाळूचा कोअर वर आला की आतला वायू फुगतो, वाळू सैल होते, नळीतच आकार बिघडतो. म्हणून तो गोठवून ठेवतात आणि गोठलेला असतानाच कापतात. कॅल्गरीला तिथल्या ऊर्जा नियामकाचे कोअर संशोधन केंद्र आहे. खाजगी कंपनीने स्वतःच्या पैशाने काढलेला कोअरही नियमानुसार सांभाळावा लागतो, ठराविक मुदतीनंतर तो इतरांना पाहता येतो, आणि कंपनीच्या मर्जीने तो फेकून देता येत नाही. जमीन सार्वजनिक, म्हणून तिच्या पोटातली माहितीही सार्वजनिक, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्ण पटतो. समुद्रतळाच्या कोअरचेही असेच. २०१५ साली अरबी समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात आंतरराष्ट्रीय मोहिमेने कोअर काढले. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या राष्ट्रीय संस्थेतले भारतीय शास्त्रज्ञ होते. ते कोअर जपानमधल्या कोची शहरातील भांडारात आहेत, कारण हिंद महासागराचे कोअर तिथे ठेवायचे असे ठरलेले आहे. कोयनेचा कोअर मात्र कोयनेजवळ, कराडला राहिला. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला तो पाहायला परदेशी जावे लागत नाही.

बेसाल्ट आणि ग्रॅनाइट गोठवावे लागत नाहीत, पण ते अमर आहेत असेही नाही. दाबाखाली असलेला खडक वर येताच किंचित पसरतो, कालांतराने त्यात बारीक तडे जातात. म्हणून काही मोजमापे पहिल्या दिवसांतच घ्यावी लागतात. तांबड्या मातीचे पट्टे आणि भेगांतली चिकणमाती आपल्या पावसाळी हवेत ओल धरून फुगते आणि उन्हाळ्यात भुगा होते. नेमका हाच भाग भूकंपाच्या अभ्यासाला सर्वांत मोलाचा. लाकडी पेटीला वाळवी लागते, शाई उडते, कागदी चिठ्ठी कसर खाते. जीवाणूंसाठीचा तुकडा तर रिगवरच निर्जंतुक हातांनी घेऊन गोठवावा लागतो. पेटीत गेलेल्या तुकड्यावर माणसांच्या हातांचे जीवाणू बसलेले असतात. पण कोअरचे सर्वांत मोठे नुकसान ओल किंवा वाळवी करत नाही. ते माणसे करतात. नोंद न करता उचललेला तुकडा कायमचा गेला. म्हणून जगभरच्या भांडारांत कोअर उभा चिरून एक भाग कामासाठी आणि दुसरा कायम राखीव ठेवण्याची रीत आहे. ज्याने नमुना नेला त्याने किती नेला, कुठून नेला, निष्कर्ष काय निघाला हे परत कळवायचे. उरलेला तुकडाही परत द्यायचा.

आता आपल्या घरच्या स्थितीकडे येतो. कृष्णा-कोयना-वारणा खोऱ्यात गेल्या शंभर वर्षांत धरणांच्या पायांसाठी, पुलांसाठी, बोगद्यांसाठी, कारखान्यांसाठी किती कोअर निघाला असेल? कोअरची सूची आणि साठवण कशी करावी यासाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस ४०७८ हे मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती १९८० सालची. म्हणजे रीत ठाऊक नव्हती असे नाही. तरीही बांधकाम पूर्ण झाले, बिले निघाली, की पेट्या साइटवरच्या शेडमध्ये राहतात. शेड पडते, लाकूड चुलीत जाते आणि कोअर रस्त्याच्या भरावात. ज्या खडकाला एकदा लाखो रुपये खर्चून वर आणले त्याची ही गत होऊ नये. तो खडक गेला तरी त्याच्या नोंदी अनेकदा शिल्लक असतात: निवृत्त अभियंत्यांच्या कपाटात, कंत्राटदाराच्या फायलींत, जुन्या उपविभागीय कार्यालयांच्या माळ्यावर. विवराचा नकाशा, खोलीनुसार वर्णन, रिकव्हरीचे तक्ते, कधी फोटो. कोयनेच्या नऊ विवरांच्या मध्ये असलेल्या मोकळ्या जागा या नोंदींनी भरता येतील. वारणेच्या बाजूला, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, त्याची गरज अधिक आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. पाटबंधारे, बांधकाम किंवा रेल्वे खात्यात काम केलेले कोणी तुमच्या घरात असेल आणि पायाच्या विवरांच्या वह्या, तक्ते, नकाशे कुठे ठेवलेले असतील, तर ते रद्दीत घालू नका. प्रत्येक कागदावर गाव, नदी, कामाचे नाव, वर्ष आणि विवराची जागा पेन्सिलीने लिहून ठेवा आणि सांगली, कराड किंवा कोल्हापूर इथल्या ज्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले जाते तिथे पोच घेऊन जमा करा. शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांनी रीतसर पत्र देऊन, परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना हजारमाचीला न्यावे. कोयनेचा विसर्ग विचारणाऱ्या आपल्या मुलांनी त्या नदीखालचा दगडही एकदा पाहावा.